टपरीपर्यंत जाऊन परत आलो

या वेळच्या पत्रांत तीन पत्रं अशी निघाली की तिन्हींत कुत्रं आहे आणि तिन्हींत एक अबोल माणूसही आहे, म्हणून ती एकत्रच घेतेय. शेवटचं पत्र मोठं आहे आणि मला त्यावर बरंच बोलायचंय, त्यामुळे आधीच्या दोघींना उत्तर जरा थोडक्यात मिळेल, त्यांनी राग मानू नये.

प्रश्न: स. न. वि. वि. मी पुण्यात सहकारनगरला राहते, वय ६३. मिस्टर गेल्यापासून सकाळी एकटीच तळजाई टेकडीवर फिरायला जाते. तिथे सात-आठ जणांचा एक ग्रुप रोज आपापली कुत्री घेऊन येतो, झाडाखाली बसून त्यांच्या गप्पा चाललेल्या असतात. मला कुत्र्यांची लहानपणापासून फार ओढ, पण आपणहून कोणाशी बोलायला मी कधी गेलेच नाही, सगळीकडे मिस्टरच बोलायचे. दीड वर्ष झालं, मी त्यांच्या समोरून नुसती जातेय. आता या वयात काय बोलायला जायचं असं होतं.

उत्तर: दीड वर्ष रोज त्याच वेळी समोरून जाताय म्हणजे त्या मंडळींनी तुम्हाला केव्हाच ओळखलं असणार, आणि कुत्र्यांनी तर नक्कीच, कारण आपल्या नाकात वास टिपणारे रिसेप्टर साधारण पन्नास-साठ लाख असतात आणि कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या पुढे. म्हणजे त्या झाडाखाली तुम्ही अजिबात नवख्या नाही आहात.

तुम्हाला एकच वाक्य लागणार आहे, "काय हो नाव याचं?" कुत्रं पाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी नकोसा होत नाही, आणि नाव सांगितलं की ते नाव का ठेवलं, ते कुठून आलं, काय खातं, काय खात नाही हे सगळं आपोआप पुढे येतं, तुम्ही फक्त ऐकायचं. पहिल्या दिवशी तेवढंच विचारून पुढे चालायला लागलात तरी चालेल. हात लावायचा झाला तर आधी मालकाला विचारा, मग समोरून वाकू नका, जरा कडेनं उभं राहा, हात डोक्यावर न नेता हनुवटीखाली नाहीतर छातीला लावा, दोन-तीन सेकंद खाजवून थांबा आणि बघा, त्याला हवं असेल तर ते स्वतः तुमच्या हाताखाली येतं, नको असेल तर तोंड फिरवतं. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खूश असंच काही नसतं हो, अंग ताठ आणि शेपूट वर उभी धरून हलत असेल तर लांबच राहायचं. आणि कोणाचं मोकळं सुटलेलं कुत्रं अंगावर येत असेल तर "जरा पट्टा धरता का" हे म्हणायला अजिबात संकोचू नका, ते म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न: ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. घरी अखंड बडबड, पण शाळेत गेली की तोंडातून शब्द नाही, बाईंनी हजेरी घेतली तरी नुसता हात वर करते. आम्ही धायरीला राहतो, खालच्या मजल्यावरच्यांचं एक म्हातारं लॅब्रॅडॉर आहे, त्याच्याशी ती जिन्यात बसून अर्धा अर्धा तास बोलते. माझ्या जाऊबाई म्हणतात कुत्रं आणा, मूल मोकळं होईल. आणू का?

उत्तर: जाऊबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे पण आणायची घाई करू नकोस. न्यूयॉर्कमधे बोरिस लेव्हिन्सन नावाचे लहान मुलांचे मानसतज्ज्ञ होते, १९५३ मधे एक कोणाशी फारसं न बोलणारा मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधीच त्यांच्याकडे आला आणि त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा तेव्हा खोलीतच होता, तो सरळ मुलाकडे गेला, आणि जे मूल डॉक्टरांशी बोलत नव्हतं ते कुत्र्याशी खेळायला लागलं, मग हळूहळू त्या खेळात डॉक्टरांनाही जागा मिळाली. पुढे १९६२ मधे त्यांनी यावर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणांनी हसण्यावारी नेलं होतं. पण १९९९ मधे अमेरिकेतच सॉल्ट लेक सिटीला मुलांनी कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवायचा उपक्रम सुरू झाला आणि तो आता पुष्कळ देशांत चालतो. कारण साधं आहे, कुत्रं चूक काढत नाही, "मोठ्यानं बोल" म्हणत नाही.

तर तुझ्याकडे खालच्या मजल्यावर हे सगळं तयारच आहे की. शेजाऱ्यांना विचार आणि मुलीला तिचं गोष्टीचं पुस्तक घेऊन त्या लॅब्रॅडॉरला वाचून दाखवू दे, आधी तू लांब बस, मग काही दिवसांनी शेजारच्या काकूंना ऐकायला बसव, मग वर्गातली एखादी मैत्रीण बोलाव. स्वतःचं कुत्रं म्हणजे बारा-पंधरा वर्षांची जबाबदारी, सकाळी सहाला भर पावसात खाली कोण नेणार ते आधी ठरव, महापालिकेचा परवाना, लसी, गावाला जाताना सोय, हे सगळं घराला झेपत असेल तरच आण, मुलीचं औषध म्हणून आणू नकोस, कारण ती बोलायला लागली नाही तर त्या बिचाऱ्या कुत्र्याकडे बघायची तुमची नजर बदलेल. आणि एक महत्त्वाचं, घरी बोलणारं मूल शाळेत महिन्याच्या वर गप्प असेल तर तो हट्ट नसतो, बहुतेकदा ती चिंता असते, त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात आणि लहान वयात दाखवलं तर चांगला फरक पडतो. मुलांच्या मानसतज्ज्ञांना एकदा भेटाच. तोवर "बोल ना, बोल ना" हे चारचौघांत अजिबात नको.

प्रश्न: ताई नमस्कार, मी मूळचा बार्शीकडचा, वय २५, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो आणि आयटीत आहे. घरी वस्तीवर आमच्याकडे कायम दोन-तीन कुत्री असायची, मी त्यांच्यातच वाढलो असं आई म्हणते. इथे आमच्या गल्लीत एक कुत्री आहे, पिवळसर, अंगावर बारीक ठिपके, मी तिला बुंदी म्हणतो. रोज रात्री ११ नंतर गल्लीत कोणी नसतं तेव्हा मी खाली उतरून तिला खायला देतो आणि दिवसभराचं सगळं सांगतो. साडेनऊला एक काकू स्कूटरवरून येऊन सगळ्या कुत्र्यांना भात देतात पण त्या असताना मी खाली जात नाही, खिडकीतून बघतो. ऑफिसात मी जेवायला पण डेस्कवरच बसतो. मॅनेजर म्हणतात कम्फर्ट झोनमधून बाहेर ये. मित्रानं एका बोलण्याच्या क्लासला घातलं, तिथे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं करून पाच मिनिटं बोलायला लावलं, माझी बोबडीच वळली, पाणी पण घशाखाली उतरेना, परत गेलो नाही. मग मीच ठरवलं की प्राण्यांच्या शेल्टरला रविवारी मदत करायला जायचं. दोन रविवार गेलो. पहिल्यांदा गेटसमोरच्या टपरीवर दोन चहा घेतले आणि परत आलो. दुसऱ्यांदा पण तेच. आत एक मुलगी कुत्र्याला अंघोळ घालत होती, तिनं सहज बाहेर पाहिलं आणि मी गाडीला किक मारली. मला कुत्र्यांशी तासन्‌तास बोलता येतं आणि माणूस आला की घसा कोरडा पडतो. मी असाच राहणार का?

उत्तर: अरे, तू दोनदा परत आलो असं लिहिलंयस पण मला त्यात आधी दिसलं की तू दोनदा गेलास. पहिल्या रविवारी तसं होऊनसुद्धा दुसऱ्या रविवारी परत गाडी काढलीस, आणि ते कोणी सांगितलं म्हणून नाही.

तुला एक गोष्ट सांगते, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एका शेल्टरमधे रविवारी जायचे, मी पण तुझ्यासारखीच, चार माणसं दिसली की भिंतीकडेनं चालणारी. तिथे एक काळी कुत्री आणली होती, सिंहगड रोडला गाडीखाली आलेली, मागचा एक पाय काढावा लागला होता, टाके भरत आले होते पण माणूस जवळ आला की ती कोपऱ्यात अंग चोरून थरथरायची, जागेवरच शू व्हायची तिला. मी लाडानं ये ये करत हात पुढे केला तर ती अजूनच भिंतीत घुसली. तिथे काम करणारे एक मामा होते, ते म्हणाले, "ताई, तिच्याकडं बघू नका. पाठ करून बसा, आन्‌ बोलू पण नका काही." मग मी तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसले, मुठीत उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. एक तुकडा मागे टाकला, हातभर अंतरावर, काहीच हालचाल नाही. मामा म्हणाले अजून लांब टाका, तुमच्यापासनं लांब, ती खाईल तिथं. तिसरा की चौथा तुकडा पार भिंतीशी गेला तेव्हा मागून चाटल्याचा आवाज आला. मग हळूहळू तुकडे अलीकडे, वीत वीत. पाऊण तास गेला, पायाला मुंग्या आल्या होत्या. मग फरशीवर नखं वाजली, टक्‌ टक्‌, मधेच थांबायची, परत टक्‌, तीन पायांवर चालताना तो ठेका वेगळाच पडतो. आणि एकदम माझ्या टाचेला गार ओलं नाक लागलं. मी श्वास पण मोठ्यानं घेतला नाही.

मामांनी त्या दिवशी जे सांगितलं ते मला पुढे माणसांत वावरतानाही उपयोगी पडलं, म्हणून ते तुला जसंच्या तसं सांगते. कुत्रं घाबरलं की आधी खाणं सोडतं. समोर चिकन टाकलं आणि ते वास घेऊनही खात नसेल तर समजायचं की आपण फार जवळ आलोय, मागे सरकायचं. खातंय म्हणजे अंतर बरोबर आहे, तिथेच थांबायचं, मग वीतभर पुढे. कुत्र्यांना शिकवणारी माणसं याला थ्रेशोल्ड म्हणतात, उंबरठा म्हण हवं तर. उंबरठ्याच्या अलीकडे असलेलं कुत्रं शिकू शकतं, पलीकडे ओढलं की ते फक्त जीव वाचवत असतं, त्या वेळी त्याला तुम्ही काहीही शिकवायला जा, डोक्यात जात नाही. नॉर्वेच्या टुरिड रुगास म्हणून एक बाई आहेत, त्यांनी कुत्र्यांच्या अशा बारीक खुणांवर खूप काम केलंय, झोप आलेली नसताना जांभई देणं, जीभ नाकावर फिरवणं, मान वळवणं, उगाच जमीन हुंगत बसणं, हे सगळं कुत्रं "जरा दमानं घे" म्हणून सांगत असतं.

आता तुझ्या पत्राकडे बघ. क्लासमधे तुझ्या घशाखाली पाणी उतरलं नाही. टपरीवर दोन चहा उतरले! मामा असते तर म्हणाले असते की हे पोरगं टपरीवर बरोबर अंतरावर आहे आणि क्लासवाल्यांनी त्याला एकदम उंबरठ्यापलीकडे फेकलं. तू पळून आलास याचं कारण तुझ्यात काही कमी आहे असं मला बिलकुल वाटत नाही, कोणतंही घाबरलेलं जनावर तेच करतं आणि त्यानं तेच करायला हवं.

कम्फर्ट झोनमधून बाहेर ये म्हणणाऱ्या लोकांचा हेतू चांगला असतो पण ते बाहेर किती यायचं हे सांगत नाहीत. तू बार्शीकडचा, विहिरीत पोहायला शिकला असशील ना? कोणी पाठीला वाळलेला भोपळा बांधतं, कोणी पत्र्याचा डबा, आणि मग काका-मामा पाण्यात सोडतात, काही दिवसांनी भोपळा सैल करतात, मग एक दिवस काढतात. नुसतं ढकलून दिल्यानं शिकलेली पोरं पण असतात, तीच मोठी होऊन "मला ढकललं म्हणून मी शिकलो" सांगतात, पण ज्यांना ढकलल्यावर परत कधी विहिरीच्या काठावर सुद्धा जाववलं नाही ती कुठे काही सांगायला येतात. तुझ्याकडे बुंदी आहे, ती तुझा भोपळा आहे असं समज. फक्त सध्या तू भोपळा बांधून काठावरच बसलायस, रात्री ११ नंतर, कोणी नसताना. तिच्यासोबत तुला जे शांत वाटतं ते खरंच आहे, जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मधे दाखवलं होतं की कुत्रं आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, हेच रसायन आई आणि तान्ह्या बाळात पण काम करतं. मग ती शांतता सोबत घेऊनच थोडं पाण्यात उतर ना.

कसं ते सांगते. आधी वेळ बदल, माणूस नको बदलूस. ११ च्या ऐवजी या आठवड्यात पावणेअकरा, पुढच्या आठवड्यात साडेदहा, असं करत एक दिवस तू पावणेदहाला खाली असशील, काकू भांडी आवरून निघत असतील, तू लांबून फक्त मान हलवायची. बस. दोन-चार दिवस तेवढंच. मग एक प्रश्न, तो मी तुला देतेच. बुंदीच्या कानाकडे बघ, नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्यांच्या एका कानाला छोटा काप दिलेला असतो, ऑपरेशनच्या वेळी खूण म्हणून. काप दिसला किंवा नाही दिसला, दोन्ही वेळा काकूंना विचारण्यासारखं आहे, "काकू, हिचं ऑपरेशन कधी झालंय?" किंवा "हिचं राहिलंय का?" अरे गल्लीत इतकी वर्षं भात घालणाऱ्या बाईंना हा प्रश्न विचारणारा माणूस भेटणं म्हणजे त्यांना किती बरं वाटेल सांगू, बहुतेक वेळा त्यांना लोक भांडायलाच येतात. त्यांच्याशी बोलताना त्यांच्याकडे बघायची पण गरज नाही, दोघांनी बुंदीकडे बघत बोलायचं. घाबरलेल्या कुत्र्याकडे जसं आपण कडेनं जातो, नजर न रोखता, तसं माणसाकडे पण कडेनं जाता येतं, खांद्याला खांदा लावून काहीतरी काम करत करत. तोंडासमोर तोंड करून "आपली ओळख करून द्या" हे मला आजही जड जातं आणि मी त्याच्या वाटेला फारसं जात नाही.

म्हणूनच तू शेल्टर निवडलंस ते मला फार आवडलं. तिथे गेल्यावर कोणी तुझी मुलाखत घेत नाही रे, हातात ब्रश आणि पाइप देतात. भांडी घासायची असतात, पिंजरे धुवायचे असतात, पेपर बदलायचे, औषधाची गोळी कशात लपवून द्यायची यावर खल चालतो, आणि बोलणं असतं ते "त्या कोपऱ्यातल्यानं सकाळी खाल्लं का?" एवढंच. अबोल माणसं तिथे पुष्कळ असतात, आणि खरं सांगू का, घाबरलेली कुत्री अशा माणसांकडे लवकर येतात, कारण ही माणसं दंगा करत नाहीत, अंगावर जात नाहीत, वाट बघू शकतात.

तिसऱ्या रविवारी परत टपरीवरच जा. चहा घे. या वेळी घरून जुने पेपर आणि एखादी जुनी चादर घेऊन जा, शेल्टरवाल्यांना ती कायम लागतात. गेटवर "हे द्यायचे होते" म्हणायचं, गठ्ठा द्यायचा आणि निघायचं. चार रविवार फक्त गठ्ठा दिलास तरी चालेल. मग आधी मेसेज करून जा, फोन करायला जड जात असेल तर मेसेजच कर, त्यात कमीपणा नाही. असा लिही, "नमस्कार, मी कर्वेनगरला राहतो. रविवारी सकाळी दोन तास मदतीला येऊ शकतो. भांडी, पिंजरे धुणं, काहीही चालेल. पहिल्यांदाच येतोय, आधी काय करावं लागेल ते कळवाल का?" तू कुठल्या शेल्टरला गेला होतास ते लिहिलं नाहीयेस, पण तुला बावधनचं 'रेस्क्यू' (RESQ) नावाचं शेल्टर जवळ पडेल, मुंढव्याला ब्लू क्रॉस आहे, नियम आणि वेळा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात म्हणून आधी विचारूनच जायचं. आणि ती अंघोळ घालणारी मुलगी, तिनं बाहेर बघितलं ते बहुतेक साबणाचं पाणी डोळ्यात जातंय म्हणून मान वळवली असेल. तिला तू आठवत पण नसशील, खरंच.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञाचं नाव ऐकलंयस का? आपल्याकडे विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणून जी शिकवतात ती त्यांची. ते १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे, मग त्यांनी ठरवून महिनाभर रोज न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमधे जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या १३० मुली मोजल्या आणि प्रत्येकीच्या शेजारी जाऊन बसले, त्यातल्या ३० उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी ते बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती पण आली नाही! पण त्यांची भीती गेली, कारण इतक्या वेळा बोलूनही आकाश कोसळलं नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं. तू हे असं करायला जाऊ नकोस, अनोळखी मुलींना त्याचा त्रास होतो आणि आज ते योग्यही नाही. मला त्यातलं एकच आवडतं की त्यांनी मोजलं काय, तर आपण किती वेळा गेलो ते. समोरच्यानं काय केलं ते आपल्या हातात नसतंच. तू पण एक छोटी वही कर, त्यात तारीख आणि "टपरी", "गठ्ठा दिला", "काकूंना मान हलवली" एवढंच लिही.

आता थोडं कामाचं, कारण तू कुत्र्यांत वावरणार आहेस. शेल्टरला जायच्या आधी रेबीजची लस घेऊन ठेव, चावायच्या आधी घ्यायचा कोर्स असतो, डॉक्टरांना प्री-एक्स्पोजर म्हणून विचार. ती घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा, हळद, चुना, तिखट असलं काही लावायचं नाही, गावाकडे अजून लावतात म्हणून मुद्दाम सांगतेय. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही, म्हणून इथे लाजायचं नाही, संकोचायचं नाही, अर्ध्या रात्री कोणालाही उठवायचं. खायला देताना, सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानं रस्त्यात कुठेही खायला घालायला मनाई केलीय आणि त्यासाठी वॉर्डात ठरलेल्या जागा करायला सांगितल्यायत, तर तुमच्याकडे अशी जागा कोणती हे पण काकूंनाच विचार, त्यांना माहीत असेल, म्हणजे दुसरा प्रश्न पण तयार झाला बघ. ग्लुकोजची बिस्किटं रोज नकोत, नुसती साखर आणि मैदा. साधा भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही, आणि शिजवलेली हाडं अजिबात नाहीत, ती तुकडे होऊन आत टोचतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट पण नाही. कागद, पिशवी उचलून आणायची, कुत्र्यांवरून होणारी निम्मी भांडणं त्या कचऱ्यावरून होतात.

बुंदीला रूमवर आणू का असा विचार तुझ्या मनात येत असेल, पत्रात नाहीये पण मला वाटलं. आत्ता नको. कॉट बेसिसच्या खोलीत चार जणांत ते जमणार नाही आणि मालकानं बाहेर काढलं तर दोघं रस्त्यावर याल. तिला तिची गल्ली आहे, तिथे तिला भात देणाऱ्या काकू आहेत आणि रात्री दिवसभराचं सगळं सांगणारा तू आहेस.

ऑफिसचं मी फारसं बोलत नाही, डेस्कवर जेवतोस ते जेव, त्याची वेळ नंतर येईल. फक्त एक बघ, माणसांत जायच्या विचारानं रात्र-रात्र झोप लागत नसेल, छातीत धडधडून उलटीसारखं होत असेल, कामावर दांड्या पडत असतील तर हा नुसता लाजाळूपणा नाही, त्याला उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथे पण पहिलं वाक्य जमत नसेल तर कागदावर लिहून घे आणि वाचून दाखव, पलीकडच्या माणसाला त्याची सवय असते.

माझी आजी नामदेवांची गोष्ट सांगायची, कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस देवा म्हणून. लहानपणी मला त्या गोष्टीत देव दिसायचा. आता मला दिसतो तो भर गावातून सगळ्यांच्या देखत धावणारा माणूस, त्याला लोक काय म्हणतील हे त्या क्षणी आठवलं सुद्धा नसेल, कारण सगळं लक्ष त्या कोरड्या भाकरीवर. तुझ्या बाबतीत पण मला तेच होताना दिसतंय, एखाद्या दिवशी बुंदी लंगडताना दिसेल आणि तू साडेनऊला, काकू असताना, गल्ली भरलेली असताना, चप्पल न घालता खाली उतरशील.

तोवर वहीत लिहीत राहा. बुंदीच्या कानाला काप आहे का, कोणत्या कानाला, आणि काकू काय म्हणाल्या ते मला कळव. गठ्ठा देताना गेटवर कोण होतं ते पण.